विहिरीत बसलेला माणूस

ज्या माणसाबद्दल लिहायला बसले आहे तो हयात आहे, ठणठणीत आहे, आणि मला अजूनही त्याचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, जुन्या सहकाऱ्याच्या आठवणीने बाईंचा गळा दाटून आलाय. तसं काही नाही.

आम्ही दोघं सरकारच्या भूजल खात्याच्या जळगाव कार्यालयात एकाच हुद्द्यावर होतो. काम एकच. गिरणेच्या खोऱ्यातल्या ठरलेल्या विहिरींवर वर्षातून ठरलेल्या महिन्यांत जायचं, टेप सोडायची, पाणी किती खाली आहे ते मोजायचं आणि नोंदवायचं. पाऊस संपला की एकदा, हिवाळ्यात एकदा, उन्हाळा लागताना एकदा आणि मे महिन्यात, सगळं तापून निघालेलं असताना, शेवटचं एकदा. कामात थरार असा काही नाही. पण एकाच विहिरीचे वर्षानुवर्षांचे आकडे एकाखाली एक ठेवले की जमिनीच्या पोटात काय चाललंय ते कळायला लागतं. मला ते आवडायचं. अजून आवडतं.

तो कोकणातला. समोर मी त्याला ‘तुम्ही’ म्हणत असे, मनात मात्र तो कायम ‘तो’च राहिला. उंच, किडकिडीत, आणि अंगात बारा महिने बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर. जळगावच्या मे महिन्यात, जिथे रिक्षाच्या सीटवर बसताना चटका बसतो, तिथेही स्वेटर. कुणी विचारलं की म्हणायचा, “विहिरीत वाकलं की खालून गार वारा लागतो. तुम्ही वाकत नाही, म्हणून तुम्हाला कळत नाही.” मी रोज वाकत होते. मला कधी गार वारा लागला नाही.

विहिरीवर पोचला की तो आधी जेवायला मागायचा. खरंच मागायचा. रिकाम्या पोटी पाण्याचा आकडा चुकतो, अशी त्याची समजूत होती, किंवा तसं तो सांगायचा. विहिरीच्या कठड्यावर मांडी घालून बसायचा आणि शेतात काम करणाऱ्या बाईला हाक मारायचा, “अक्का, मी भूक लागनी शे!” हे वाक्य अहिराणीत पार चुकीचं आहे, ‘मी’च्या जागी ‘माले’ हवं. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या आणि फडक्यातून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, मिरचीचा ठेचा, एखादी कांद्याची फोड त्याच्या हातावर ठेवायच्या. तो जेवायचा, मग मोजायचा, आणि आकडा पेनने स्वतःच्या मनगटावर लिहायचा. घामाने तो पुसला जाण्याआधी मी नोंदवून घ्यायचे.

मी इकडचीच, देवपूरची. माझी आजी अहिराणीशिवाय दुसरं बोललीच नाही. शाळेत एकदा मी वर्गात ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हटलं तेव्हा बाईंसकट सगळा वर्ग हसला होता. त्यानंतर मी स्वच्छ मराठी बोलायला शिकले, आणि गावांतही तीच बोलते, कारण सरकारी माणसाने नीट बोलावं असं मला वाटतं. लोक मला ‘मॅडम’ म्हणतात, खुर्ची देतात, खुर्चीवरची धूळ पुसून देतात. त्याला कुणी खुर्ची दिली नाही. त्याला ओटा मिळायचा, बाज मिळायची, घरातल्या भांडणाची हकिकत मिळायची. माझी भाषा तो मोडून बोलायचा आणि लोक त्याच्यावर जीव टाकायचे. हे मी जीपमध्ये शेजारी बसून पाहायचे.

विहिरींना तो नावं द्यायचा. कालव्याला पाणी सुटलं की भरणारी आणि एरवी कोरडी असणारी एक होती, तिला तो ‘माहेरवाशीण’ म्हणायचा. भडगावच्या बाजूला एक खोल, अरुंद, कायम पाणी राखून असलेली होती, ती ‘मोठ्या काकू’. आम्ही विहिरींना क्रमांक दिलेले आहेत. ऑफिसात मी क्रमांक सांगायचे आणि साहेब विचारायचे, “म्हणजे माहेरवाशीण ना?”

एकदा त्याला घरी जेवायला बोलावलं. म्हणजे मी नव्हे, माझ्या नवऱ्याने. तो आला, वांग्याचं भरीत दोनदा वाढून घेतलं, आणि हात धुऊन सरळ आमच्या दिवाणावर आडवा होऊन झोपला. संध्याकाळी उठला, चहा प्यायला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, “तुमच्या मॅडम आमच्यात सगळ्यांत हुशार. त्यांना विचारल्याशिवाय मी कुठल्या दगडावर पाय ठेवत नाही.” मग गेला. नवरा पुढे आठवडाभर म्हणत होता, “काय माणूस आहे!” मी विचारलं, “माझ्याबद्दल तो काय म्हणाला ते ऐकलंस ना?” नवरा म्हणाला, “हो ना. किती मोठं मन!”

मोठं मन. माझ्या हुशारीबद्दल सांगूनही कौतुक त्याच्या मनाचंच झालं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

चाळीसगाव तालुक्यात गिरणेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी एक गाव आहे. नाल्याच्या दोन्ही अंगांना विहिरी, आणि त्यांच्यामध्ये गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर. दर मे महिन्यात ती आटायची आणि टँकर लागायचा. मी त्या गावावर बरंच काम केलं होतं. जमिनीखाली मुरमाचा एक पट्टा आहे, आणि सगळ्या विहिरी त्या एकाच पट्ट्यातलं पाणी ओढतात, हे मला आकड्यांवरून दिसलं होतं. एकाची मोटार चालली की दुसऱ्याची विहीर उतरते. सगळ्यांनी मोटारींची पाळी लावून घेतली, तर पिण्याची विहीर मे महिना काढू शकते, असं माझं म्हणणं होतं.

ते मी ग्रामसभेत जाऊन सांगितलं होतं. शाळेच्या भिंतीवर चादर लावून रंगीत नकाशे दाखवले. लोक शांतपणे ऐकत होते. मध्ये लाइट गेली. लाइट येईपर्यंत चहा झाला. शेवटी एकाने विचारलं, “मॅडम, टँकर कधी चालू व्हई?” मी म्हटलं, टँकर माझ्याकडे नसतो. सभा संपली. सरपंचांनी मला नारळ दिला.

त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही दोघं त्या गावात मोजणीला गेलो. मोजणीची विहीर तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याची, गाव त्यांना आबा म्हणायचं. मोठी, बांधलेली विहीर, आत उतरायला दगडी पायऱ्या. आबांनी नुकतीच ठिबकवर कापसाची लागवड केली होती, शिवाय लिंबाची बाग. सोलरचा पंप बसवलेला, त्यामुळे ऊन आहे तोवर मोटार चालू, आणि अंधार पडला की विजेवरची दुसरी चालू. विहिरीला विसावा म्हणून नव्हताच. आणि विसावा मिळाल्याशिवाय घेतलेल्या मापाला काही अर्थ नसतो.

“आबा, मोटार बंद करा, माप घ्यायचंय,” तो म्हणाला.

“आज व्हवाव नही, साहेब. कपाशी लायेल शे. रोपं मरी जातीन.”

“किती वेळ चालणार?”

“दिनभर.”

“चालेल,” तो म्हणाला, आणि चपला काठावर काढून पायऱ्या उतरायला लागला. मला वाटलं, जवळून पाहायला चाललाय. तो पार खाली, पाण्याला लागून असलेल्या पायरीवर जाऊन बसला. पाय पाण्यात सोडले. वर बघून म्हणाला, “तुमचं चालू द्या, आबा. पाणी वर आलं की मीही वर येतो.”

आबा आधी हसले. मग रागावले. मग दुसऱ्या शेतातून कुणीतरी बघायला आलं, त्याने अजून कुणाला फोन केला, आणि बघता बघता विहिरीच्या काठावर माणसं जमली. पन्नाशीतला सरकारी अधिकारी, स्वेटर घालून, विहिरीच्या तळाशी पाण्यात पाय सोडून बसलेला. लोकांनी मोबाइल काढले. तो खालून हात हलवत होता.

मी उन्हात उभी होते, हातात टेप, डोक्यावर ओढणी. आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती: हे मी केलं असतं तर? मी त्या पायरीवर जाऊन बसले असते तर पहिल्यांदा कुणीतरी माझ्या नवऱ्याला फोन केला असता. मग पोलीस पाटलांना. मग बाईने जीव द्यायचा प्रयत्न केला, अशी बातमी चाळीसगावपर्यंत पोचली असती, आणि ऑफिसात साहेबांनी मला खोलीत बोलावून घरी सगळं ठीक आहे ना, असं हळू आवाजात विचारलं असतं. तो बसला तर तो अवलिया. मी बसले तर मी आजारी.

गर्दीत एक म्हातारी अक्का होती. तिचं नाल्याच्या खालच्या अंगाला थोडं रान, आणि त्यात एक छोटी विहीर. ती काठावर आली, आत डोकावली, आणि आबांकडे वळून मोठ्याने म्हणाली, “आबा, तुनी मोटार चालू व्हयनी की मन्ही इहीर कोल्ली पडस. हाई मी कितला साल पासून सांगी राहिनू?”

“तुनी इहीर तठे, मन्ही अठे. काय संबंध?” आबा म्हणाले.

विहिरीतून आवाज आला, “संबंध शे, आबा! मॅडमला विचारा! मॅडमनी शोधून काढलंय सगळं! मॅडम, सांगा यांना!”

मी सांगायला लागले. जमिनीखालचा पट्टा, पाण्याची ओढ, एकाच घागरीतून सगळ्यांनी पिण्यासारखं कसं आहे ते. नकाशाशिवाय, सोप्या शब्दांत, चांगलं सांगितलं मी. पण सगळ्यांच्या माना खाली वळलेल्या होत्या. सगळे त्याच्याकडे बघत माझं बोलणं ऐकत होते. माझं वाक्य संपलं की तो खालून ओरडायचा, “कळलं का?” आणि लोक विहिरीला म्हणायचे, “कळनं, साहेब!”

शेवटी आबाच घाबरले. ऊन डोक्यावर आलं होतं, पायऱ्या शेवाळलेल्या, आणि हा पाय पाण्यात हलवत बसलेला. “मन्ही इहीरमा मरी जाई ना हाऊ!” म्हणत त्यांनी स्वतः जाऊन मोटार बंद केली.

“एकट्याची नको,” तो खालून म्हणाला. “बठ्ठ्यांनी करा. आज एक दिवस. आणि मॅडम मोजतील. मॅडमचं खोटं निघालं तर पुन्हा गावात येणार नाही मी.”

त्याची पैज माझ्या कामावर होती. खोटं निघालं असतं तर माझं निघालं असतं, खरं निघालं तर जिंकणार तो.

का कोण जाणे, लोकांनी ऐकलं. फोन झाले, नाल्याच्या दोन्ही अंगांच्या मोटारी एकामागून एक थांबल्या. गावात कधी नसते अशी शांतता पसरली. मग मी कामाला लागले. आबांच्या विहिरीवर माप, तिथून गावविहिरीवर, तिथून अक्काच्या विहिरीवर, आणि पुन्हा आबांकडे. भर उन्हात, नांगरलेल्या ढेकळांतून, दिवसभर. तो पायरीवर बसून राहिला. कुणीतरी त्याला दोरीने जेवणाचा डबा सोडला.

दुपार कलायला लागली तेव्हा त्याची पायरी बुडली. तो उठून वरच्या पायरीवर बसला. काठावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. पाणी अगदी हळू चढत होतं, पण चढत होतं, आणि ते चढतंय हे दाखवायला आत एक माणूस बसलेला होता. माझ्या टेपवर मला ते बोटाबोटाने आधीच दिसलं होतं. पण बोटाबोटाला टाळ्या पडत नाहीत. उन्हं उतरेपर्यंत तो आणखी वर सरकला होता. तेवढ्यात अक्का आपल्या रानाकडून जवळजवळ पळत आली. “पानी उनं! मन्ही इहीरमा पानी उनं!” पाणी आलं म्हणून ती आबांच्या अंगावर ओरडत होती आणि हसत होती. आबा तिच्याबरोबर बघायला गेले. परत आले आणि नुसते काठावर टेकले.

गावविहिरीचंही पाणी चढलं होतं. ते माप मी घेतलं होतं. मी ते मोठ्याने सांगितलं. या वेळी लोकांनी माझ्याकडे बघितलं, पण तेवढ्यात तो पायऱ्या चढून वर आला आणि सगळे त्याच्याभोवती जमले. त्याची बोटं पाण्याने सुरकुतली होती. बाया ती बोटं हातात घेऊन बघत होत्या.

त्या वर्षी गावाने मोटारींची पाळी लावली. भांडणं झाली, तरी लावली. पुढच्या मे महिन्यात गावविहीर आटली नाही. टँकर आला नाही. विहिरीत बसलेल्या अधिकाऱ्याचा फोटो पेपरात आला, दुसऱ्या गावांतली माणसं बघायला आली. पत्रकाराला त्याने तीनतीनदा सांगितलं, ‘ही कल्पना मॅडमची, माझं नाव लिहूच नका.’ बातमीत शेवटी छापून आलं, ‘या वेळी त्यांच्या सहकारी उपस्थित होत्या.’

तो विहिरीत बसला त्या संध्याकाळी परत येताना आम्ही चाळीसगाव स्टेशनसमोर चहाला थांबलो होतो. ड्रायव्हर बाजूला टायर बघत होता, बाकावर आम्ही दोघंच. मी त्याला विचारलं, आणि आवाज माझ्या मनात होता त्याहून मोठा निघाला, “तिथे मी जाऊन बसले असते तर?”

त्याने कप खाली ठेवला.

“तुम्हाला कुणी बसू दिलं नसतं,” तो म्हणाला.

“तुम्हाला ते माहीत होतं?”

“हो.”

“मग?”

“मग मी बसलो.”

एवढंच. त्याच्या बोलण्यात तोरा नव्हता, उपकाराची भावना नव्हती. मला वाटलं होतं की त्याला या गोष्टीची जाणीव नसेल. माझा सगळा राग त्या अजाणपणावर उभा होता. ते त्याला नीट माहीत होतं, आणि जे माझं होतं ते पोचावं म्हणून त्याने स्वतःला मिळत असलेली सूट वापरली होती. यावर रागवायचं कसं? पण एक सांगते, ज्याच्यावर रागावता येत नाही अशा माणसाचा हेवा जास्त जाळतो. मी माझा चहा संपवला आणि जीपमध्ये जाऊन बसले.

तो नंतर निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी ऑफिसात भाषणं झाली ती झालीच, पण त्याआधी आठवडाभर तो सगळ्या विहिरींवर फिरून आला. मी बरोबर होते, कारण त्याच्या विहिरी आता माझ्याकडे येणार होत्या. प्रत्येक ठिकाणी बाया रडल्या. पोतंभर लिंबं, लोणच्याच्या बरण्या, गुळाची ढेप, सगळं जीपमध्ये. अक्काने त्याच्या बायकोसाठी लुगडं दिलं. त्याचं लग्नच झालेलं नाही, हे तिला माहीत होतं. “व्हई ना कव्हं,” ती म्हणाली. तो इतका हसला की डोळे पुसायला लागला, आणि मग ते हसण्याचं पाणी नव्हतं हे सगळ्यांनाच दिसलं.

आता तो पुण्याला बहिणीजवळ राहतो, बऱ्याच उंचावरच्या फ्लॅटमध्ये. कधी फोन करतो. विहिरींची नावं घेऊन तब्येत विचारतो आणि मी पातळ्या सांगते. “काकू उतरल्या थोड्या,” असं माझ्याच तोंडून जातं.

आता पुष्कळ ठिकाणी पातळी आपोआप नोंदवणारी यंत्रं बसली आहेत, आकडे ऑफिसात बसून दिसतात. तरी त्या गावाला मी स्वतः जाते. यंदाच्या मेमध्येही गेले. गावविहिरीला पाणी होतं. बाया भरत होत्या. कठड्यावर ज्या लाल खुणेपासून दर वेळी मोजतो तिथे मी टेप धरली, सोडली, माप घेतलं. अक्का आता फार थकली आहे. ती कठड्याजवळ सावलीला बसली होती.

“साहेब येतीन का आते?” तिने विचारलं.

“नाही, अक्का. ते आता यायचे नाहीत.”

तिने मान हलवली. विहिरीत बघत राहिली. हंडे भरून बाया चालत्या झाल्या, नव्या आल्या.

“मंग पानी कोन मोजई?”

“मी.”

तिने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच उत्तर दिलं होतं.

“तुम्ही त पहिलेपासून शेतसच,” ती म्हणाली.